कप आणा, मग बघू

सामना संपल्याची शिट्टी वाजली आणि भूषणमास्तरांनी पहिलं काय केलं असेल, तर शेठकडं बघितलं. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या, आंबवड्याहून टेम्पो भरभरून आलेली माणसं खुर्च्यांवर चढून नाचत होती, आणि हा गडी आपला मालकाचं तोंड वाचत उभा. कारणही तसंच होतं. हंगामाच्या आधी टीम इंदूरला विकायची कुणकुण लागली, तेव्हा मास्तर पुण्याला शेठच्या ऑफिसात जाऊन बसले होते. शेठनी चहा पाजला आणि म्हणाले, "कप आणा, मग बघू." आता कप आणला होता. नुसता आणला नव्हता, मागच्या साली जिंकलेला राखला होता.

या टीमची, म्हणजे नीरा वाघिणींची, जन्मकथा भोर तालुक्यात कुणालाही विचारा, जो तो स्वतःपासून सुरू करतो. कामथडीचा वेल्डिंगवाला म्हणतो, बास्केटबॉलचं पहिलं कडं माझ्या हातचं, तेव्हा टीम माझी. हिर्डोशीची माणसं म्हणतात, कॅप्टन सोनिया आमची, तेव्हा टीम आमची. बोलायला काय जातंय! खरी गोष्ट अशी की बुद्धभूषण हा एसटीतला कंडक्टर. कंडक्टरला आपल्याकडं मास्तर म्हणतात, म्हणून ते भूषणमास्तर. शाळेशी त्यांचा संबंध एवढाच की आंबवड्याच्या शाळेमागच्या पडीक खळ्यावर त्यांनी एक खांब रोवला. लहानपणी मुंबईला मामाकडं राहून बास्केटबॉल शिकले होते, ते काही डोक्यातून जात नव्हतं. खांबाला कामथडीचं कडं लावलं आणि गावातली पोरं गोळा केली. पोरं आठवडाभर आली नि क्रिकेटला पळाली. पोरी तेवढ्या राहिल्या, कारण पोरींना दुसरीकडं कुणी खेळू देत नव्हतं.

सोनिया आली ती हिर्डोशीहून. तिकडं एसटीचा भरवसा नाही, आली तर आली, म्हणून मास्तरांच्या बायकोनं, लीलाबाईनं, तिला आपल्या घरीच ठेवून घेतलं. बौद्धवस्तीतल्या घरात पोरगी राहणार म्हटल्यावर वर हिर्डोशीत कुजबूज झाली. तिची आई साळूबाई मात्र खमकी. तिनं निरोप धाडला, "पोरगी उपाशी निजली तर सांगा, बाकी काय बी सांगू नका." सोनिया उपाशी कधी निजली नाही. लीलाबाईच्या हातच्या भाकरी खाऊन ती अशी उंच झाली की दारातनं वाकून जायला लागली.

मग जिल्हा झाला, राज्य झालं, आणि बायकांची व्यावसायिक लीग निघाली तेव्हा पुण्याच्या एका शेठनी ही पोरींची टीम उचलली. पहिल्या हंगामात सगळीकडं मार खाल्ला. दुसऱ्या हंगामात अंतिम सामन्यापर्यंत जाऊन हरल्या, तर भोरात लोक जेवले नाहीत म्हणे. त्यानंतर सलग दोनदा कप. टीव्हीवर आंबवडे हे नाव यायला लागलं. खळ्याच्या जागी पत्र्याच्या छपराखाली चकचकीत कोर्ट झालं, आणि भाताच्या लावणीतसुद्धा बायका सामना चुकवीनात.

ती कोर्टाची जागा गावानं दिली होती, फुकट. आणि इथंच सगळी माती झाली. जागा द्यायच्या दिवशी ग्रामसभा भरली. गावचे वडीलधारे रखमाजीदादा आणि शेठ समोरासमोर बसले, पान-सुपारी झाली, चार माणसांदेखत सुपारी फुटली. सुपारी फुटली म्हणजे सोयरीक पक्की. त्यानंतर शेठच्या वकिलानं पिशवीतनं कागद काढला. टीम दहा वर्षं हितंच राहील, असं त्यात होतं. गावाची सही तेवढी हवी होती. रखमाजीदादांचा चेहरा उतरला.

"सुपारी फोडल्यावर कागद?" ते म्हणाले. "आवं, लेक दिली तरी आमी लिहून घेत न्हाई. ठेवा त्यो पिशवीत."

सभेनं टाळ्या वाजवल्या. शेठनी कागद घडी करून वकिलाला परत दिला आणि हात जोडले. मास्तर मागच्या रांगेत बसले होते. त्यांच्या वस्तीतनं सुपारी फोडायची रीत केव्हाच गेली होती, आणि लिहिलेल्या शब्दाची किंमत त्यांच्या घरात लहान पोरालाही ठाऊक. दादा, सही करा, एवढंच म्हणायचं होतं. पण रखमाजीदादांच्या शब्दावर वस्तीतल्या माणसानं कागद मागायचा, हे त्यांच्या जिभेवर काही येईना. 

तर त्या अंतिम सामन्याच्या दिवशी, कप घेऊन पोरी फोटो काढत होत्या तेव्हा, शेठच मास्तरांकडं आले. माणूस वाईट म्हणावा तर तसंही नाही. लाघवी होता, आणि तेच तर अवघड होतं.

"मास्तर, कमाल केलीत," शेठ म्हणाले. "कप नसता तर कुणी विचारलं नसतं. आता इंदूरवाले मागे लागलेत. परवा सह्या."

मास्तरांना आधी कळलंच नाही. मग कळलं. टीम राहावी म्हणून जी सोनिया गुडघा सुजला तरी धावली, ती धावली म्हणून टीम विकली गेली. हरलो असतो तर हितंच राहिलो असतो. हसावं की रडावं?

"शेठ, तुमी म्हनला व्हता, कप आणा, मग बघू."

"हो ना. बघितलं," शेठ म्हणाले. त्यांनी मास्तरांच्या पाठीवरून हात फिरवला. "आज पोरींना नको सांगायला. उद्या मिरवणुकीत मीच सगळ्यांशी बोलतो."

घरी येऊन मास्तरांनी लीलाबाईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, तिचे हात थांबले.

"आन् तुमी गप ऐकून घेतलं?"

"काय करू? टीम त्यांची हाय."

"टीम त्यांची, तर पोरी कुनाच्या? त्या सभंत बी तुमी मूग गिळून बसला व्हता. उद्या तरी तोंड उघडा."

मास्तर व्हय म्हणाले. आयुष्यभर गाडीतल्या माणसांना पुढं सरका, पुढं सरका म्हणून ओरडलेला माणूस, पण चारचौघांत स्वतःसाठी बोलायचं म्हटलं की मागच्या रांगेत जाऊन बसायचा.

दुसऱ्या दिवशी भोरच्या चौकातनं मिरवणूक निघाली ती दुपारी आंबवड्याला पोचली. हलगी कडकडत होती, गुलालानं रस्ता लाल झाला होता, पोरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्या. कोर्टावर मांडव घातला होता. शेठना फेटा बांधला. रखमाजीदादा माईकपुढं आले आणि त्यांनी जाहीर केलं की कोर्टाला लागून असलेलं आपलं वावर ते प्रेक्षकांच्या गॅलरीसाठी देणार. पोटची पोरं नको म्हणत होती, तरी देणार. लोकांनी शिट्ट्या मारल्या. शेठनीही टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. ते बघून मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आता मास्तर बोलतील," दादा म्हणाले.

मास्तरांनी माईक घेतला. समोर बायकांत लीलाबाई बसली होती, डोळे त्यांच्यावर रोखून.

"दादा, वावर देऊ नगा," मास्तर म्हणाले. "टीम इकली. इंदूरला चालली. हितं आता कुनी खेळायचं न्हाई."

हलगी थांबली.  मास्तरांना वाटलं, झालं, आता गाव उठेल, शेठला जाब विचारेल. एवढं तर होईलच.

शेठ उठले, त्यांनी हळूच मास्तरांच्या हातातनं माईक काढून घेतला आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकला. "आपले मास्तर भावुक झालेत," ते म्हणाले. "होणारच. पण मंडळी, टीम कुठंही खेळली तरी रक्त भोरचंच ना? आंबवड्याच्या वाघिणी आता सगळा देश गाजवणार. वाजवा!"

आणि लोकांनी वाजवलं हो. कुणाला काय कळलं, कुणाला काय नाही, पण वाजवा म्हटल्यावर हात आपसूक चालले. हलगीवाल्यानं तर मागं-पुढं न बघता ठेका धरला.

रखमाजीदादांना मात्र कळलं होतं. ते काठी टेकत शेठपुढं आले. "शेठ, सुपारी फोडली व्हती आपन," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

शेठ फेट्यासकट वाकले आणि दादांच्या पाया पडले. "दादा, आशीर्वाद असू द्या."

आता पाया पडणाऱ्या पाहुण्याला शिवी द्यायची कशी? ऐंशी वर्षांची सवय ती. दादांचा हात शेठच्या डोक्यावर गेला आणि तोंडातनं निघालं, "कल्याण होऊ दे." बोलून गेल्यावर ते स्वतःच्या हाताकडं बघत राहिले. मग खुर्चीत बसले आणि त्यांनी पाणी मागितलं.

शेठची गाडी लगेच गेली. जेवायला थांबले नाहीत. गर्दी पोरींबरोबर फोटो काढायला ट्रॅक्टरकडं सरकली, आणि त्या गर्दीतनं सोनिया वाट काढत मास्तरांकडं आली. तोंडावर गुलाल, डोळे भेदरलेले.

"मास्तर, मला जायलाच लागंल?"

"करार टीमशी हाय, पोरी. टीम जिकडं, तिकडं. न गेलीस तर दुसरं बी कुनी खेळू द्यायचं न्हाई."

सोनियानं जरा विचार केला. मग तिचा चेहरा निवळला.

"मग जाऊ या की. तुमी हाय म्हटल्यावर मला काय. लीलाकाकूला बी घेऊ. तिकडच्या भाकरी कशा असतील कुनास ठाव."

मास्तर खाली बघून सदऱ्यावरचा गुलाल झटकायला लागले. लीलाबाई मागं येऊन उभी राहिली होती.

"बोला की मास्तर. कवा निघायचं?"

"सोनिया," मास्तर म्हणाले, "त्यास्नी पोरी पायजेत. मी नगो."

 तिकडं ट्रॉलीपाशी पोरंबाळं कॅप्टन, कॅप्टन म्हणून ओरडत होती, कुणीतरी कप वर धरला होता आणि फोटोवाला तिच्यासाठी खोळंबला होता. सोनिया जागची हलेना. मास्तरांची बाही तिनं मुठीत घट्ट धरली होती. मास्तरांनी तिची बोटं एकेक करून सोडवली, तिचा दंड धरला, गर्दीतनं तिला ट्रॅक्टरपाशी नेलं आणि स्वतःच्या हातानं वर चढवलं.