बटाट्यालाही बाधा

माकणीच्या सभामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. फेसाचे महाराज रक्त तपासत होते. बोटाला सुई टोचायची, थेंब वाटीतल्या तीर्थात सोडायचा. पांढरा फेस आला की रक्तात विष. "सात पिढ्यांचं निघतंय, माउली." मग तीन दिवस अंगारा खायचा. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या बाटलीतलं तीर्थ. फेस नाही, माणूस बरा. सुई सगळ्यांना एकच होती. विष पसरवायची सोय चोख होती.

आमच्या शेजारच्या द्वारकामावशींचा मुलगा बिभीषण खांबाला टेकून बसला होता. पायात काटा मोडून पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला. आज त्याचा तिसरा दिवस. थेंब पडला, फेस आला नाही.

"बघ संघप्रिया, तापबी उतरला," मावशी म्हणाल्या. "अंग कसं गार हाय."

मी लोहाऱ्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. बिभीषणची नाडी मोजली: एकशे तीस, नेहमीच्या जवळपास दुप्पट. वार विचारला, तर त्यानं बैलाचं नाव सांगितलं.

"मावशी, हे बरं होणं न्हाय. आत्ता दवाखान्यात न्या."

"रक्त खोटं बोलत न्हाय, बाई," महाराज म्हणाले.

"मग माझंही बोलू द्या." पर्समधली सीलबंद सुई फोडून मी माझा थेंब पहिल्या बाटलीतल्या तीर्थात टाकला. फेस आला.

"हिलाबी बाधा. म्हणून लग्न जमंना," महाराज म्हणाले.

बलभीमकाका प्रसादाच्या भाजीसाठी बटाटे चिरत होते. मी एक कच्ची फोड तीर्थात टाकली. फेस वाटीबाहेर आला.

"बटाट्याचंबी जमंना वाटतं," काका म्हणाले.

मग दुसऱ्या वाटीत पहिल्याच बाटलीतलं तीर्थ ओतून त्यात बिभीषणचा थेंब. पुन्हा फेस. मावशी उठल्या. "बलभीम, गाडी काढ."

पहिल्या बाटलीत जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. रक्तातलं आणि कच्च्या बटाट्यातलं विकर, म्हणजे एन्झाइम, त्यातून प्राणवायू मोकळा करतं, तोच फेस. दुसऱ्या बाटलीत साधं पाणी.

लातूरला निदान झालं: सेप्सिस, म्हणजे जखमेतला जंतुसंसर्ग अंगभर भिनलेला. जंतू रक्तात शिरले की त्यांच्याशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींवर सीडी-६४ नावाची खूण वाढते. निरोगी माणसात ती अगदी कमी असते. तरी डॉक्टरांनी एकट्या खुणेवर भरवसा ठेवला नाही. रक्तदाब, रक्तातलं लॅक्टेट, जंतू वाढवून बघायचं कल्चर, सगळं पाहिलं, आणि अहवालांसाठी न थांबता प्रतिजैविक सुरू केलं.

पायाची दोन बोटं काढावी लागली. बिभीषण वाचला.

"तीन दिवस आधी आणला असता तर?" मावशींनी मला विचारलं.

"बोटं राहिली असती."

कुणी कसलीही परीक्षा दाखवली, तर आधी ती धडधाकट माणसावर करून बघा. तिथंही रोग निघाला, तर रोग त्या परीक्षेत आहे.