वजीर फुकट गेलेले सात डाव

घड्याळवाले काका दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मोबाइलवर बुद्धिबळ खेळत. वर्षभरात त्यांचं रेटिंग आठशेवरून तेराशेवर गेलं होतं. गेल्या आठवड्यात मात्र ते सात डाव हरले, आणि सातही वेळा वजीर फुकट घालवला.

त्यांना वेगळीच शंका आली. वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या विसरायचे, मग मुलांची नावं. हरलेले डाव उघडून बघायचा काकांना धीर होईना.

डबा घेऊन आलेल्या लेकीने उतरलेला चेहरा पाहून खोदून विचारलं, तेव्हा ते पुटपुटले, "तुझ्या आजोबांसारखं होतंय मला."

ती स्टूल ओढून बसली आणि तिने मोबाइलवर त्यांचे हरलेले डाव उघडले. तिला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण खेळीपुढचे सेकंदांचे आकडे वाचता येत होते.

"बाबा, प्रत्येक खेळीला दोन-तीन सेकंद? आठ मिनिटं शिल्लक असताना एवढी घाई कशाला?"

"नीट विचार करूनही दिसलं नाही, तर?"

तिने मोबाइल त्यांच्यापुढे सरकवला. "तर डॉक्टरांकडे जाऊ. आधी एक डाव खेळा, खेळी ठरेपर्यंत हात मांडीखाली दाबून."

काका खेळले. विसाव्या खेळीला ते दीड मिनिट नुसते बघत राहिले, आणि कोपऱ्यातून वजिरावर रोखलेला उंट त्यांना दिसला. वजीर त्यांनी हलवला. शेवटी एका प्याद्याने डाव गेलाच.

"दिसला मला," ते म्हणाले. मग जरा थांबून, "तरी डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव."