चौऱ्याऐंशी किलो

मिस्त्रीचं घोडं तीन आठवडे एकाच जागी अडून बसलं होतं. मोठं इंजिन घ्यावं, की छोट्याला टर्बो लावावा? तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? अहो, शर्यतीची गाडी ती! चारशे मीटर सरळ रस्ता, दहा सेकंदांत खेळ खल्लास. इंजिन आणि गिअरची जुळणी एकदा चुकली की वर्षभर बसा हात चोळत. त्यात इंजिनवाला आज पाचपर्यंतच ऑर्डर घेणार होता.

मोठं इंजिन सुटतानाच जोर लावतं, पण गाडीचं नाक जड करतं. छोटं हलकं, पण टर्बोला जोर धरायला क्षणभर लागतो. मिस्त्री गणित मांडायचा, उत्तर बरोबरीत यायचं. पुन्हा मांडायचा, पुन्हा बरोबरी. डोक्याचा नुसता भुगा!

याच प्रश्नावरून चार वर्षांपूर्वी धाकट्या भावाशी वाजलं होतं. मिस्त्री गाडी बांधायचा, धाकटा चालवायचा. धाकटा म्हणाला, छोटं इंजिन घेऊ. मिस्त्री म्हणाला, "चालवणाऱ्यानं चालवावं, अक्कल पाजळू नये." झालं! धाकट्यानं हेल्मेट बाकावर ठेवलं नि गेला, तो गेलाच. दूरच्या शहरात नोकरी धरली. हेल्मेट तिथंच राहिलं. मिस्त्री दर शनिवारी त्याच्यावरची धूळ पुसायचा, आणि कुणी पाहिलं की बाक पुसत असल्यासारखं करायचा. पण फोन? छे! सुंभ जळेल, पीळ जायचा नाही.

आता गाडी मिस्त्रीची लेक चालवणार होती. दुपारी ती वर्कशॉपमध्ये आली, स्टुलावर बसली आणि गणिताचा कागद तिनं ओढून घेतला.

"बाबा, चालकाचं वजन चौऱ्याऐंशी?"

"मग?"

"मी त्रेपन्न किलोची आहे. तेही पोटभर जेवल्यावर."

मिस्त्रीनं कागद डोळ्यांजवळ नेला. खरंच की. कितीतरी वर्षं त्या रकान्यात एकच आकडा लिहिला होता, हात आपोआप तिथं गेला होता.

लेक काय समजायचं ते समजली. "काकाची आठवण येते, तर तसं म्हणा ना. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?"

"येते," मिस्त्री म्हणाला. "रोज येते. इंजिन चालू केलं की आधी सीटकडे बघतो. तयार झाला की तो अंगठा वर करायचा ना, म्हणून."

लेकीनं पेन्सिल त्याच्या हातात दिली. त्यानं चौऱ्याऐंशी खोडून त्रेपन्न लिहिलं आणि गणित नव्यानं मांडलं. गाडी नि चालक मिळून ठरावीक वजन भरावंच लागतं, असा शर्यतीचा नियम. लेकही हलकी, इंजिनही हलकं, म्हणजे कमी पडेल तेवढं शिसं थेट मागच्या चाकांच्या वर, सांगाड्याला बांधता येणार. चाकांची पकड वाढणार. बरोबरी फुटली. छोटं इंजिन, टर्बो लावून. धाकट्याचं इंजिन.

साडेचारला मिस्त्रीनं फोन लावला. इंजिनवाल्याला नव्हे.

"दादा?" पलीकडून आवाज आला.

"छोटं इंजिन घेतोय," मिस्त्री म्हणाला. "तुझंच बरोबर होतं."

धाकट्यानं विचारलं, "वजन किती धरलंस?"

"पोरीचं. पण तीन आठवडे तुझंच धरून बसलो होतो रे. चौऱ्याऐंशी."

"चौऱ्याऐंशी कुठलं! नव्वद झालंय. आता मावणार नाही मी त्या सीटमध्ये."

"चालवायला कोण सांगतंय?" मिस्त्री म्हणाला. "नुसता ये."

धाकटा घुटमळला. "शिसं किती लागतंय?"

"एकतीस किलो. तू असतास तर लागलंच नसतं."

"ते तू बांधू नकोस, दादा. तुझे नट ढिले राहतात. मी येऊन बांधतो."

पाचला दहा मिनिटं कमी होती. इंजिनवाल्याला फोन लेकीनंच लावला, कारण मिस्त्रीच्या ओल्या डोळ्यांना नंबर दिसत नव्हता.