चष्मेवालीचा पहिला घोटाळा

त्या घरात रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसलं की त्याच्यावर राक्षसांशी लढायच्या फाशांच्या खेळाचा नकाशा पसरायचा, आणि मग संध्याकाळपर्यंत दाराची बेल वाजली तरी कोणी उठायचं नाही. चष्मेवालीला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ती मनात म्हणाली होती, अरे देवा, कुठल्या वेड्यांच्या घरात पडतेय मी! आता चौथ्या महिन्यात तीच सगळ्यांच्या आधी येऊन बसायची.

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणं हे तिचं काम, म्हणून घरात सगळे तिला चष्मेवाली म्हणत. या घरच्या थोरल्याशी तिचं लग्न ठरलेलं. तो तलवारबाजी शिकवायचा, त्याची धाकटी बहीण तिरंदाजी. आणि त्यांचे वडील, म्हणजे तिचे होणारे सासरे, सगळा जन्म बंदुकीच्या रेंजवर सुरक्षा अधिकारी होते. नियम म्हणजे नियम, तिथे ते कोणाच्या बापाचं ऐकत नसत. खेळही तेच चालवायचे. पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसून राक्षसांचे फासे टाकायचे आणि आकडा जाहीर करायचे. बाकी तिघं एकेक पात्र होऊन त्या राक्षसांशी लढायची. चष्मेवालीने आपली तलवारबाज बाई मुद्दाम एकडोळी ठेवली होती, तिला तेवढाच धंद्याचा आधार.

आता या घरचा खास नियम. वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले की वार जिव्हारी, एक पडला की घात झाला, हे सगळीकडेच असतं. पण ‘तलवार तुटली’, ‘दोरी तुटली’ असलं छापील सासऱ्यांना मुळीच चालायचं नाही. “खरे घोटाळे पुस्तकातल्यापेक्षा कितीतरी भारी असतात,” ते म्हणायचे. म्हणून एक टाकणाऱ्याने स्वतःच्या हातून खरोखर झालेला शस्त्राचा घोटाळा सांगायचा, आणि तोच खेळात घडायचा. सांगता नाही आला, तर पात्र खलास.

या माणसांकडे घोटाळ्यांना काय तोटा! धाकटीने भर स्पर्धेत बाण दोरीत नीट न अडकवताच दोरी सोडली होती. बाण पायाशी आणि धनुष्याला तडा. थोरल्याने ऐटीत तलवार उंचावून पाहुण्यांना सलामी दिली आणि छताचा दिवा त्यांच्याच डोक्यावर आणला. खुद्द सासऱ्यांच्या कॉलरमध्ये एकदा तापलेलं रिकामं काडतूस पडलं होतं, आणि सुरक्षा अधिकाऱ्याने सगळ्या रेंजसमोर नाच केला होता. तो नाच पुढे एका राक्षसाला करावा लागला. चष्मेवाली हसून हसून बेजार व्हायची, आणि आतून थोडी खट्टूही. तिने आयुष्यात शस्त्र म्हणून काही हातात धरलेलंच नव्हतं. सगळे तिला उशीची खुर्ची देत, बिस्किटांची बशी आधी तिच्यापुढे सरकवत. तिला बशी नको होती. तिला या टेबलावरचं एक माणूस व्हायचं होतं.

त्या रविवारी ड्रॅगनची गुहा आली. सासऱ्यांनी आडोशामागे फासा टाकला, त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि खाकरले. “तीन. शेपटी एकडोळीच्या डोक्यावरून गेली.”

“वाचले!” चष्मेवाली ओरडली. “आता माझा वार!”

तिने फासा दोन्ही हातांत खुळखुळवला, टाकला. फासा गडगडत नकाशाच्या टोकाशी गेला आणि थांबला. एक.

टेबलावर एकच कालवा झाला. धाकटीने डोकं धरलं. थोरला नुसताच बायकोकडे, म्हणजे होणाऱ्या बायकोकडे, बघत राहिला.

“आठवा,” सासरे म्हणाले. “घाई करू नका. लहानपणी गलोल वगैरे? नाहीतर पिचकारी?”

“बाबा!” धाकटी उसळली. “पिचकारी? मला चालू दिली असती का?”

खोटं सांगणं चष्मेवालीला जमण्यातलं नव्हतं, लगेच कान लाल व्हायचे. चार महिन्यांची एकडोळी डोळ्यांदेखत चालली होती. ती ताडकन उठली.

“घडलेलं पाहिजे ना? कधी घडलेलं, ते कुठे म्हटलंय?”

आणि तिने भिंतीवरची सरावाची तलवार खाली काढली.

“सगळे सोफ्यामागे!” सासरे गरजले. त्यांच्यातला अधिकारी खडबडून जागा झाला होता. “टोक जमिनीकडे! तोंड भिंतीकडे! मी म्हणेपर्यंत हलायचं नाही!” सोफ्यामागे तीन डोकी दिसेनाशी झाली. “हं, करा.”

चष्मेवालीचा बेत साधा होता. एक वार करायचा आणि तलवार आपल्याच पायावर पाडून घ्यायची. तिने सगळा जोर लावून हात खांद्यामागे नेला, वार पुढे आणला, आणि हातात राहिली नुसती मूठ. पातं मागच्या मागेच निसटलं होतं. ते टेबलावर आदळलं, आडोसा उडवला आणि खणखणत जमिनीवर गेलं.

“मुठीचा नट!” थोरला किंचाळला. “सकाळी कोणी साफ केली ही?”

“मी,” सासरे सोफ्यामागून म्हणाले. “नट हातानेच फिरवला होता. पाना सापडेना.”

“झाला! झाला घोटाळा!” चष्मेवाली मूठ नाचवत उड्या मारायला लागली. “माझ्या हातून! खरा!”

पण धाकटी टेबलाकडे बघत होती. आडोसा पलीकडे पडला होता, आणि त्यामागच्या लाकडी ताटात ड्रॅगनचा फासा होता तसाच बसलेला होता. त्यावर वीस होते.

“तीन म्हणाला होतात,” धाकटी म्हणाली.

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. चाळीस वर्षांत कोणाला एक इंच सवलत न दिलेला माणूस जागच्या जागी चोरासारखा झाला होता. “खरे आकडे सांगितले असते तर पहिल्याच मोहिमेत मेला असता तुम्ही,” ते चष्मेवालीला म्हणाले. “मग कशाला आला असता परत? आम्ही हे असले. मला वाटलं, तुम्हाला कंटाळा येईल आमचा.”

चष्मेवालीला त्यांचा एकदम लळा वाटला, आणि त्याच वेळी रागही आला. पाहुण्यांना असं जपतात. या दोघांची पात्रं मरताना यांनी कधी डोळ्याची पापणी हलवली नव्हती.

“बाबा,” ती म्हणाली, “वीस म्हणजे वीस. लावा मला.”

“एकडोळी राहणार नाही.”

“लावा.”

सासऱ्यांनी आडोसा उचलला नाही. नुकसानीचे फासे त्यांनी सगळ्यांसमोर, नकाशाच्या मधोमध टाकले. चौघं वाकली. थोरल्याने बेरीज केली, धाकटीने परत केली. शंकेला जागाच नव्हती.

“मेलीस!” सासऱ्यांनी टेबलावर थाप मारली, आणि त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. “पार राख झाली तुझी! काही उरलं नाही!”

चष्मेवाली मुठीसकट खुर्चीत कोसळली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसत होती.

“कागद द्या,” ती म्हणाली. “दुसरं पात्र करते.”

“तूच घे,” सासरे म्हणाले. “वरच्या खणात आहेत. आणि येताना पाना बघ कुठे दिसतो का.”