छातीला यंत्र बांधलं तो दिवस

रंगारी अंघोळीला गेला होता आणि त्याची बायको न्हाणीघराच्या दाराला कान लावून उभी होती. आत पाण्याचा आवाज चालू असेपर्यंत ठीक. आवाज थांबला की तिचाही श्वास थांबायचा. महिन्यापूर्वी याच दाराआड तो धाडकन पडला होता. ती आत धावली तेव्हा त्याचे डोळे उघडे होते, पण नजर कुठेच नव्हती. मग एकाएकी उठून बसला आणि वर म्हणाला, "पाय घसरला." त्या वेळी त्याने अजून अंगावर तांब्याभर पाणीसुद्धा घेतलेलं नव्हतं. फरशी कोरडी ठाक होती.

"अहो, झालं का?"

"होतंय. यंत्र लावलं की उद्यापर्यंत अंगाला पाणी लावायचं नाही म्हणालेत ना? मग दोन दिवसांची एकदम उरकतोय."

अंगाला तेल-पावडर लावू नका असं दवाखान्यात बजावलं होतं, म्हणून तिने पावडरचा डबा रात्रीच लपवून ठेवला होता. शर्टही सैल आणि पुढून उघडणारा काढून ठेवला होता. ती शिंप्याच्या दुकानासाठी काजं-बटणं करायची. शर्टाचं एक बटण लोंबत होतं ते तिने पक्कं केलं. हात कामात असला की मन जरा कमी भरकटतं.

दवाखान्यात एका मुलीने रंगाऱ्याच्या छातीवर चार-पाच ठिकाणचे केस काढले, तिथे चिकटपट्ट्या लावल्या, वायरी जोडल्या आणि काड्यापेटीहून थोडं मोठं यंत्र कमरेला अडकवलं.

"हे बटण बघा. चक्कर आली, धडधडलं, डोळ्यांपुढे अंधारलं, काहीही झालं की दाबायचं. यंत्र सगळंच टिपतं, पण बटण दाबलं की नेमकं कुठे बघायचं ते आम्हाला कळतं."

"बटणं हिचा धंदा आहे," रंगारी म्हणाला. "माझा नाही."

मुलगी हसली. "आणि झोपून राहायचं नाही. रोजच्यासारखं वागा. काम काय करता?"

"रंगकाम."

"मग रंगकाम करा. फक्त एकटे चढू नका, खाली धरायला माणसं असू द्या. आणि खरंच त्रास झाला तर उद्याची वाट न बघता लगेच या."

महिनाभर बायको त्याला शिडीवरून उतरवायला धडपडत होती. साधा ईसीजी चांगला आला होता. डॉक्टर म्हणाले होते, हृदय नीट चाललंय तेव्हा कागदावरही नीटच दिसणार, बिघडतं त्या घटकेला पकडलं पाहिजे. आणि पुढच्या आठवड्यात शाळेच्या चार मजली भिंतीचं काम सुरू व्हायचं होतं. रंगाऱ्याने आधीच अट घातली होती, "यात काही निघालं नाही तर पुन्हा या विषयावर तोंड उघडायचं नाही." ती कबूल झाली होती. दुसरा इलाजच नव्हता.

घरी आल्यावर रंगाऱ्याने चहा घेतला आणि सरळ पलंगावर आडवा झाला. जन्मात कधी दुपारी पाठ न टेकलेला माणूस! हात पोटावर, नजर भिंतीकडे, कूससुद्धा बदलेना.

"बरं वाटत नाही का?"

"छान वाटतंय. म्हणूनच पडलोय."

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा लबाड उद्या सकाळपर्यंत असाच पडून राहणार, यंत्र कोरं करकरीत परत देणार आणि शाळेच्या भिंतीवर चढणार.

"खालून दुकानातून जरा दोरा आणता का?"

"तुझ्या भावाला सांग."

भावालाच सांगायचं तिने ठरवलं. तिचा धाकटा भाऊ रंगाऱ्याच्याच हाताखाली काम करायचा. ती बाहेर जिन्यात गेली आणि त्याला फोन लावला.

"मोठी शिडी घेऊन ये. आणि पांढऱ्या रंगाचा डबा."

"ताई, काल म्हणालीस दाजींना स्टुलावरसुद्धा चढू देऊ नको. आज शिडी मागतेस? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे. स्वयंपाकघराचं छत रंगवायचंय. तू रंगवायचंस. आणि मुद्दाम वाईट रंगव."

"मुद्दाम कशाला? दाजींच्या मते मला ते आपोआप जमतं."

गावभर लोकांची घरं उजळून टाकणाऱ्या रंगाऱ्याचं स्वतःचं स्वयंपाकघर धुराने तपकिरी झालं होतं. भावाने शिडी लावली आणि रोलर फिरवायला सुरुवात केली. थोड्याच वेळात आतल्या खोलीतून आवाज आला.

"रोलर कोरडा आहे. आवाजावरून कळतंय."

"भरपूर रंग लावलाय, दाजी."

"मग ओघळतोय. टपटप ऐकू येतंय मला."

"ओघळू दे की. स्वयंपाकघरात कोण वर बघतंय?"

पलंग करकरला. रंगारी दारात येऊन उभा राहिला आणि त्याने वर पाहिलं. पुसलेल्या पाटीसारखे फराटे उठले होते.

"उतर."

"होईल हो दाजी, रंगाचा दुसरा हात दिला की झाकलं जाईल."

"तुझं तोंड झाकलं गेलं तर बरं होईल. उतर म्हणतो ना."

तोवर बायकोने शिडीखाली घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गाद्या अंथरल्या होत्या.

"या कशाला?"

"रंग सांडला तर."

रंगाऱ्याने तिच्याकडे पाहिलं. गादीवर रंग सांडू देणारी ही बाई नव्हे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शिडी कशासाठी आलीय, भाऊ कशासाठी आलाय, सगळं त्याला त्या क्षणी कळलं. तो परत जाऊन पडू शकला असता. पण डोक्यावर ते फराटे होते. त्याने भावाच्या हातून रोलर घेतला आणि चढला.

एका बाजूने तिने शिडी धरली, दुसरीकडून भावाने. आता येऊ दे, ती मनात म्हणत होती, आणि लगेच, नको, नको येऊ. महिनाभर जे टळावं म्हणून ती झुरत होती, त्याचीच वाट बघत ती उभी होती. वर रंगाऱ्याची मान मागे झुकलेली, हात उंच. एक पट्टा झाला. दुसरा झाला. छत तुकतुकीत दिसू लागलं. तो गुणगुणायलाही लागला. तिच्या मनाने हाय खाल्ली. काहीच होत नाहीये. हा गुणगुणत शाळेच्या भिंतीवर चढणार आणि आपल्याला तोंड उघडता येणार नाही.

मग गुणगुणणं थांबलं.

रोलर छताला टेकलेला तसाच राहिला. रंगाचा ओघळ दांड्यावरून त्याच्या मनगटावर आला, मनगटावरून कोपराकडे निघाला, आणि त्याने तो पुसला नाही.

"अहो?"

रोलर सुटून गादीवर पडला. रंगाऱ्याने दोन्ही हातांनी शिडीला मिठी मारली होती. भाऊ झटकन दोन पायऱ्या चढला आणि खांदा लावून त्याला शिडीशी दाबून धरलं. यंत्र तिच्या हाताच्या अंतरावर होतं. तिने हात वर केला आणि तो अडखळला. आपण दाबलं तर उद्या हा म्हणेल, मला काही झालंच नव्हतं, हिनेच घाबरून दाबलं.

"दाब," वरून बारीक आवाज आला.

"काय?"

"हात सुटत नाहीत. तू दाब."

तिने दाबलं. यंत्र एकदा बारीकसं वाजलं.

दोघांनी मिळून त्याला उतरवलं आणि गादीवर निजवलं. हळूहळू त्याच्या ओठांवर रंग परतला. तिने दवाखान्यात फोन केला. तिकडून सांगितलं, यंत्र काढू नका, त्यांना चालवू नका, ताबडतोब घेऊन या. फोन ठेवताना तिला इतकं हलकं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. आणि लगेच नवी भीती येऊन बसली: पकडलं खरं, पण काय पकडलं?

त्याला खुर्चीत बसवून दोघांनी जिना उतरायला घेतला. खुर्चीतूनही त्याचं तोंड चालूच होतं. "छत अर्धं राहिलंय. आज पुरं केलं नाहीस तर जोड दिसेल."

"दिसू दे, दाजी. गप बसा."

मधल्या वळणावर दम घ्यायला त्यांनी खुर्ची टेकली. भाऊ मागवलेली गाडी आलीय का बघायला खाली धावला. जिन्यात दोघंच उरली. रंगाऱ्याने तिचा हात धरला. त्याचा हात रंगाने बरबटलेला होता.

"आधीही झालं होतं," तो म्हणाला. "ते न्हाणीघरातलं सोडून. परांचीवर. दोनदा. एकदा तर तुझा भाऊ खालीच उभा होता, त्याला कळलंसुद्धा नाही."

तिने मोजलेलं एकच होतं.

"डॉक्टरांना सांगायला हवं का?"

"सांगायला हवं."

"मग शाळेची भिंत गेली."

"गेली."

त्याने मान हलवली आणि खालच्या पायऱ्यांकडे बघत राहिला. "तू सांग," तो म्हणाला. "मी सांगायला लागलो की ते पाय घसरला वगैरे आपोआप तोंडात येतं."

"तुम्हीच सांगायचं. मी शेजारी बसेन."

खालून भावाने हाक मारली, गाडी आली होती. तो वर आला, तिने पदर खोचला आणि खुर्चीच्या पायांना हात घातला.