आठ टायरची गाडी

टक, टक, टक. पलंगाच्या लोखंडी दांडीवर ह्यांची अंगठी वाजत होती आणि मी खालच्या बाणाचं बटन दाबून गाडी मागे घेत होते. कॉम्प्युटरच्या काचेत दोन्ही बाजूंनी पडकी घरं, मधे अरुंद बोळ, आणि समोरच्या धुरातून आमच्यावर चालून येणारा रणगाडा. टक, टक. मग एकदम उघड्या पंजाची थाप. थाप म्हणजे थांब. मी बटन सोडलं, पण जरा उशिरा. गाडीचं बूड भिंतीला घासलं, ती बोळीत आडवी झाली, आणि रणगाड्यानं एका गोळ्यात तिची होळी केली.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. अर्धांगानं वाचा नेली होती, नजर नेली नव्हती.

"मले नका पाहू तसे," मी म्हटलं. "कणीक सोडून आली मी. इथं गाडी हाकू का तिथं पोळ्या लाटू?"

ह्यांनी दांडीवर दोन थापा मारल्या. म्हणजे चल, पुन्हा.

आमचं घर कारंजा घाडग्याला, नागपूर-अमरावती रस्त्यावर, ऐन चौकात. खाली टायरचं दुकान, वर आम्ही. दुकान नंतरचं. त्याआधी ह्यांचा ट्रक होता, आणि रायपूरपासून धुळ्यापर्यंत ढाब्या-ढाब्यावर प्रभाकरराव उस्ताद म्हणून नाव होतं. ट्रक मागे घेताना क्लीनर मागे उभा राहून ट्रकच्या मागच्या झडपेवर, फाळक्यावर, हात मारतो. बारीक टकटक चालू असली की 'आन द्या', म्हणजे येऊ द्यायचं, एक थाप पडली की जागीच थांबायचं, दोन थापा पडल्या की पुढे निघायचं. ह्यांचा क्लीनर मोतीलाल. त्याच्या हातावर विश्वास ठेवून हे आरशात न बघता ट्रक गोदामाला लावायचे. तोच मोतीलाल आता म्हातारा झाला, आमच्याच दुकानापुढे पंक्चर काढतो.

आणि उस्ताद झाले क्लीनर. ड्रायव्हर झाले मी, चौथी शिकलेली बाई, जिला ह्यांनी जन्मात कधी स्टेअरिंगला हात लावू दिला नाही.

कॉम्प्युटर माझ्या मुलाचा, योगेंद्रचा. तो नागपूरला असतो. नवा घेतला तेव्हा जुना इकडे टाकून गेला, जसं सगळे आईबापाकडे टाकतात. त्याची मुलगी आचल सावंगीला दवाखान्यातल्या कॉलेजात हातपाय चालवण्याचे उपचार शिकते. तिनं त्यात रणगाड्यांचा खेळ घालून दिला. आजोबांचा डावा हात तरी चालता राहिला पाहिजे, म्हणाली.

पहिल्या दिवशी तिनं काचेवर रणगाड्यांची रांग लावली आणि कुठला पाहिजे विचारलं. ह्यांनी एकेकाला मान हलवून नाही म्हटलं. सगळे चेनवाले, रस्ता खोदायच्या यंत्रासारखे. चेनवर चालतं त्याला हे गाडीच समजत नाहीत. रांगेच्या शेवटी एक जाड, बोजड, आठ टायरची चिलखती गाडी उभी होती, वर लांब नळीची तोफ. ह्यांचा डावा हात काचेकडे गेला आणि तिथेच राहिला.

"आबा, हे नका घेऊ," आचल म्हणाली. "इचा पत्रा पातळ असते. अन् हे जागच्या जागी फिरत नाई. रणगाडा कसा गर्रकन वळते. इले वळाले पुढंमागं कराव लागते. कोणीच घेत नाई इले."

ह्यांनी हात काढला नाही.

तेव्हापासून रोज दुपारी जेवणं उरकली की आमचं युद्ध सुरू व्हायचं. कॉम्प्युटरचा उंदीर, माउस, ह्यांच्या डाव्या हातात, म्हणजे तोफ ह्यांची. चार बाण माझ्या हातात, म्हणजे चाकं माझी. ह्यांना त्यात आधी हॉर्न सापडेना, त्याचा फार राग आला. नंतर समोरून गोळे पडत असले तरी मी गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूनंच न्यायची, हा ह्यांचा हट्ट. उजवीकडे गेले की थाप. रस्त्यावर गाडी वाऱ्यासारखी पळे, चिखलात गेली की म्हशीसारखी बसे. टायर फुटला की हे डोळे मिटून घ्यायचे, जसं स्वतःच्या खिशाला भोक पडलं. दसऱ्याला मी दुकानातल्या पान्यांसोबत कॉम्प्युटरचीही पूजा केली, त्याला लिंबू-मिरची बांधली. आचल हसली. हसू दे.

जिंकायचो मात्र कधीच नाही. त्या पडक्या गावातून पलीकडच्या मैदानात जायचं होतं आणि वाट ती एकच बोळ. अर्ध्यावर काटकोनात वळण. तिथे आमची गाडी अडकायची. नाक भिंतीला लागलं की वळता येईना, मागे यावं तर मागून रणगाडा. तिथेच मरायचो, रोज.

एकदा मीच चिडले. म्हटलं, "इथंही कोंडूनच मराचं होतं तं खेळ कायले पाह्यजे? घरात का कमी कोंडून हावो आपण?"

बोलून गेले. ते ऐकून हे खिडकीकडे नाही, भिंतीकडे वळले.

खिडकीकडे हे बघायचेच नाहीत. दवाखान्यातून आणलं तेव्हा चार माणसांनी खुर्चीत बसवून जिन्यानं वर चढवलं होतं. चौक भरलेला. एक पाय ताठ पुढे आलेला, मान कलंडलेली, तोंडातून लाळ. खालच्या किराणावाल्यानं हसत म्हटलं, उस्तादचा माल आज वर चढला. मी वरून त्याला असं काही ऐकवलं की तो अजून माझ्या नजरेला नजर देत नाही. पण ह्यांनी ते ऐकलं होतं. तेव्हापासून हे खाली उतरले नाहीत. भेटायला येणारे बंद केले. बहिऱ्याशी बोलावं तसे मोठ्यानं बोलायचे मेले. आणि पुरुष खोलीत कोंडला की बायकोही कोंडते, फक्त तिला कोणी आजारी म्हणत नाही. माझं जग म्हणजे स्वयंपाकघर, पलंग आणि ती बोळ.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. चौकातल्या घरांच्या तोंडावर लाल रंगाच्या खुणा पडल्या. आमची खूण जिन्याच्या भिंतीवर. दिवाळी झाली की जिना पाडणार, म्हणजे त्याआधी ह्यांना खाली न्यायलाच हवं. योगेंद्रकडे लिफ्टचं घर आहे. तो आला, बापाशेजारी बसून सगळं गोड बोलला. ह्यांनी डाव्या हातानं पलंगाची दांडी पकडली ती सोडेनात. दोनदा माणसं आणली, दोनदा परत पाठवली.

योगेंद्र मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, तू समजाव ना बाबूजीले. पाच मिनिटाचं काम हाय. चार जण धरतीन अन् खाली."

"पाच मिनिटं तुही असतीन," मी म्हटलं. "त्यायची सारी जिनगानी त्या चौकात गेली. तिथून गाठोडं म्हणून नाई जाऊन राह्यले ते."

"मंग काय जिना पडल्यावर वरून टाकाचं?"

मी पोरावर ओरडले, उत्तर नसलं की मी तेच करते.

त्या दुपारी ह्यांनी खेळाला दोन थापा मारल्या. बोळीच्या तोंडाशी आलो तशी थाप मारून मला थांबवलं. मग बारीक टकटक. मला कळेना. अजून आत शिरलोही नव्हतो, मागे कुठे घ्यायची? हे टकटक करत आणि मधे मधे तेच बोट हवेत फिरवत राहिले. मग उमगलं. गाडी उलटी फिरवायला सांगत होते. बुडाकडून आत शिरायचं.

मी मोकळ्या जागेत पुढेमागे करून गाडी फिरवली आणि उलटी बोळीत घातली. नाक आणि तोफ बोळीच्या तोंडाकडे, म्हणजे पाठलाग करणाऱ्या रणगाड्याला नाकाचा जाड पत्रा दिसला, बुडाचा पातळ नाही. मला मागचं काही दिसत नव्हतं, ह्यांना ती बोळ पाठ झाली होती. फक्त टकटक ऐकायची आणि बटन दाबायचं. वळणावर बूड आधी आत गेलं आणि लांब नाक मागून हळूच फिरून आलं, जसा ह्यांनी ट्रक गोदामाला लावला असता. हे मधे मधे गोळा मारत होते. आणि आम्ही बोळीच्या बाहेर मैदानात.

थाप. मी थांबले. शत्रू अजून उरले होते, पण ह्यांनी उंदीर खाली ठेवला. गाडी मैदानात तशीच उभी, तोंड बोळीकडे. ह्यांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग जिन्याच्या दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

मी योगेंद्रला हाक मारली आणि मोतीलालला वर पाठवायला सांगितलं.

लोखंडी खुर्ची आणली. योगेंद्रनं आणि तीन जणांनी ह्यांना नेहमीसारखं धरलं, तोंड जिन्याकडे, ताठ पाय पुढे. ह्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. कोणाला कळेना. पोरं निघाली तशी दुसरी थाप, जोरात.

"मागं घ्या म्हणते," मी म्हटलं. "उलटी न्या. पाठीकडून."

योगेंद्र म्हणाला असं कोणी नेत नसते, खालच्याला भार येईल. मोतीलाल ह्यांच्या हाताकडे बघत होता. मग डोक्याचं फडकं काढून कमरेला बांधलं, जिन्यात चार पायऱ्या खाली जाऊन उभा राहिला आणि भिंतीवर हात ठेवला.

"आन द्या, उस्ताद," तो म्हणाला. "आन द्या."

ह्यांची अंगठी खुर्चीवर वाजायला लागली. टक, टक, टक. पोरं एकेक पायरी उतरली. पाठ चौकाकडे, तोंड वर माझ्याकडे. मी जिन्याच्या डोक्याशी उभी. मागचं ह्यांना काहीच दिसत नव्हतं. खालून मोतीलालचा आवाज, आन द्या, आन द्या, आणि वर ही टकटक. पोरं टकटक चालली की उतरत, थाप पडली की थांबत. कोणी शिकवलं नव्हतं, चार पायऱ्यांत शिकली.

वळण आलं. पहिल्यांदा वर आणताना इथेच ताठ पाय भिंतीला अडकला होता आणि पोरांनी मुरगाळून काढला होता. मी साडीचा पदर तोंडात धरला. ह्यांची थाप पडली. मोतीलाल खालून म्हणाला, "अजून वीतभर जागा हाय, उस्ताद." टक. एक पायरी. टक. खुर्चीची पाठ वळणात गेली आणि पाय मागून, माझ्या बाजूच्या मोकळ्या पायरीवरून, अलगद फिरून आला. भिंतीला लागला नाही.

खाली चौकात माणसं जमलीच होती. त्यांना ह्यांची फक्त पाठ दिसली, धुतलेला सदरा आणि नीट विंचरलेले केस, जे मी सकाळीच विंचरले होते. योगेंद्र खुर्ची लोकांकडे वळवायला गेला. थाप. तो थांबला. किराणावाला आपल्या दारात उभा होता, त्यानं टोपी काढली आणि आत गेला.

योगेंद्रनं आणलेल्या जीपमध्ये मागच्या आडव्या बाकावर ह्यांना बसवलं, ह्यांनी तीच जागा दाखवली. मी शेजारी. वर कॉम्प्युटर चालूच राहिला, हे मला तेव्हा आठवलं. बंद करायला कोणी गेलं नाही. मोतीलालनं चाकांखाली लिंबं ठेवली आणि मागे येऊन फाळक्यापाशी उभा राहिला, हात वर धरून. मारला नाही. वाट बघत राहिला.

ह्यांनी डाव्या पंजानं फाळक्यावर दोन थापा मारल्या.

जीप हलली. लिंबं चिरडल्याचा आवाज आला. मी पुढे, नागपूरच्या रस्त्याकडे बघत बसले. हे मागे बघत होते, लाल खूण असलेल्या जिन्याकडे, आणि ह्यांचं बोट फाळक्यावर अगदी हळू वाजत होतं. टक, टक, टक. जीप पुढे जात होती.