पायाळू रखमाजीची काच

चूक माझीच. सेहेचाळीस साली आरमारातून सुटून धावड्याला आलो, तेव्हा छातीवर पदक होतं आणि जीभ सैल. पारावर सांगून बसलो, "जहाजात काचेपुढं बसायचो. धुक्यात डोळ्याला काही दिसत नसलं तरी दूरचं जहाज काचेत ठिपका होऊन यायचं. त्याला रडार म्हणतात."

गावानं रडार सोडलं अन् काच धरली. मी पायाकडून जन्मलेलो. पायाळूच्या नजरेला पुरलेलं, चोरलेलं दिसतं, असं आमच्याकडं मानतात. म्हणूनच इंग्रजानं याला काचेवर बसवला, हे गावानं ठरवून टाकलं. मंग हरवलेली शेळी, पळालेली सून, समदं माझ्याकडं. सांगून सांगून थकलो.

पाडव्याच्या चार दिवस आधी काकासाहेब पाटलाचा बैल चोरीला गेला. सकाळीच चावडीवर बोलावणं आलं. परातीत तेल, तेलात काजळ, ही माझ्यासाठी मांडलेली काच, भोवती गाव. खांबापाशी पाटलाचा सालगडी पुंजाराम बसवून ठेवलेला. पाडव्याला त्याचं साल संपत होतं आणि पुढचं साल तो तीर्थपुरीला धरणार होता. पाटलाला ते खपत नव्हतं. एकदा चोर ठरला की दुसरा कोण ठेवतो त्याला?

पाटील कानाशी लागला. "रखमाजी, बराबर पाह्य. पुंज्याच दिसन."

"अन् न्हाई दिसला तर?"

"इंग्रजासाठी दिसायचं, आमच्यासाठी न्हाई व्हय?"

पुंजारामानं मान वर केली नाही. "पाह्य बाबा जल्दी," म्हणाला, "पाय अवघडून राह्यले."

परातीत माझंच तोंड होतं. ब्रह्मदेशाचा किनारा आठवला. धुक्याची सकाळ, काचेत एक ठिपका, पाठीशी साहेब. "दुश्मनच ना? बोल." ठिपक्याला तोंड नसतं. साहेबाला पाहिजे होतं तेच मी बोललो. तोफ उडाली. धुकं उठलं तेव्हा पाण्यावर जाळी तरंगत होती, मासळीच्या टोपल्या, अन् एक बाई.

मी परात पालथी घातली. तेल पाटलाच्या जोड्यावर गेलं.

"काच नाव सांगत न्हाई, पाटील. नाव मागं उभा असतो तो सांगतो. तिकडं मी साहेबाचं ऐकलं. गरीब कोळी मेले."

"मंग हे पदक कशाचं?"

"त्याचंच."

मग म्हातारा धर्मराज खोकला. "पायाळूनं परात पालथी केली. म्हंजे चोर हितं न्हाई. सोडा त्याला." गावानं माना हलवल्या. मी काय बोललो ते एकाच्याही कानात गेलं नव्हतं. पण परात त्यांना पटली.

पुंजाराम पाय झटकत उठला. पाडव्याला तीर्थपुरीला गेला.

पाटील सांगत फिरतो, खाऱ्या पाण्यानं रखमाजीचं डोकं गेलं. फिरू दे. गाव मात्र अजून शेळ्या विचारायला येतंच.